झुबक्याची शेपटी

"मॅडम, एक विचारू का? पान २ वरचं शेकरू आणि पान ११ वरचं शेकरू भाऊ-भाऊ आहेत का?"

डीटीपी करणाऱ्या मुलाने हे अगदी सरळ मनाने विचारलं होतं. गोष्टीत शेकरू एकच होतं. त्याचं नाव झुबक्या. २४ पानांचं ते पुस्तक पंधरा दिवसांनी प्रेसमध्ये जायचं होतं. फोन ठेवून मी सगळी पानं स्क्रीनवर शेजारी शेजारी मांडली आणि पोटात गोळाच आला. पान २ वर झुबक्याचं डोकं धडाएवढं, पान ११ वर धडाच्या निम्मं. कान कुठे टोकदार, कुठे वाटोळे. शेपटी तर दर पानावर नव्याने उगवलेली. एका चित्रात ती निघते कुठून हेच मला सापडेना, आणि ते चित्र माझंच.

पंधरा दिवसांत १४ चित्रं पुन्हा काढली. घरातल्यांनी त्या काळात रोज खिचडी खाल्ली.

मी एटीडी, म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा झालेली, बरीच वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली बाई. हात बरा आहे. चुकलं ते एवढंच, की एक चित्र साधलं आणि मी त्यालाच पात्र समजून बसले. ते पहिलं चित्र खरोखर छान उतरलं होतं. व्हॉट्सॲपवर टाकलं, तर पन्नास जणांनी "किती गोड!" लिहिलं. तुम्हीही स्वतःचा प्राणी घडवत असाल, तर या 'गोड'पासून जपा. बदाम पाठवणाऱ्यांनी झुबक्याला एकाच बाजूने, एकाच पवित्र्यात, हसताना पाहिलं होतं. तो पाठमोरा कसा दिसतो, रडतो कसा, झोपतो कसा, हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

हे आधीच ठरवायचं असतं. ॲनिमेशनवाले त्याला मॉडेल शीट म्हणतात. एकाच आडव्या पट्टीवर पात्र समोरून, तिरकं, बाजूने आणि पाठमोरं काढायचं. डोळे, खांदे, कंबर, पाय यांच्या उंचीच्या रेघा चारही चित्रांतून सलग ओढायच्या. उंची डोक्याने मोजायची. झुबक्या अडीच डोक्यांचा आहे, हे मी १४ चित्रं दुसऱ्यांदा काढताना ठरवलं. पहिल्याच दिवशी ठरवलं असतं, तर तासाभराचं काम होतं. त्याच्याच खाली चेहऱ्यांची ओळ काढावी: राग, भीती, लबाडी, कंटाळा. कंटाळा सोडू नका. मुलांच्या गोष्टींत प्राण्यांना फार कंटाळा येतो आणि तो काढायला सगळ्यात अवघड.

आता शेपटीबद्दल. ही चूक मला सगळ्यात जास्त लागली.

मी मंचरची. घोडेगाव-डिंभे रस्त्याने एसटीने भीमाशंकरला कितीदा गेले असेन. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, आणि तिथलं अभयारण्य त्याचंच म्हणून ओळखलं जातं. असं असूनही टॅब्लेटवर हात चालू लागला, तेव्हा बोटांतून उतरली ती परदेशी चित्रपुस्तकांतली खार: पाठीवर एसच्या आकारात वळलेली झुबकेदार शेपटी, हातात ओकचं फळ. ओक! भीमाशंकरच्या जंगलातल्या प्राण्याच्या हातात मी ओकचं फळ दिलं होतं.

त्यात आणखी एक गंमत. मी चित्रं काढायला क्रिटा हे सॉफ्टवेअर वापरते, कारण ते फुकट आहे आणि चांगलंही. त्या क्रिटाचा शुभंकर म्हणजे किकी नावाची खारच आहे. ती सारखी डोळ्यांपुढे असायची. जुनी कच्ची चित्रं काढून पाहिली, तर तिच्या चेहऱ्याची ठेवण माझ्या शेकरात शिरलेली. मी नक्कल केली नव्हती, पण डोळा आपल्याला न विचारता उसनवारी करतो. म्हणून पात्र पक्कं करण्याआधी त्याच प्राण्याची गाजलेली पात्रं मुद्दाम शोधून शेजारी ठेवावीत आणि आपलं वेगळं काय, ते स्वतःला विचारावं. हत्ती करायचा असेल तर १९८२च्या एशियाडचा अप्पू आणि रेल्वेचा कंदीलवाला भोलू आधी समोर घ्या.

मग मी स्केचबुक घेऊन पुन्हा भीमाशंकर गाठलं. दोन तास मान दुखेपर्यंत वर पाहिल्यावर एक शेकरू दिसलं. मागच्या पायांनी फांदी धरलेली, धड फांदीच्या एका बाजूला खाली झुकलेलं, दोन्ही हातांत फळ आणि दुसऱ्या बाजूला ती लांबलचक शेपटी सरळ लोंबणारी. जणू तराजूच. धडाचं वजन या पारड्यात, शेपटीचं त्या. शेपटी धडापेक्षा लांब का, हे त्या घडीला पाहूनच कळलं. पुढच्या पंजाला बोटंही चारच असतात. कार्टूनमध्ये चार बोटं काढायचा जो रिवाज आहे, तो माझ्या शेकराच्या बाबतीत निसर्गाचाच निघाला. अंगठ्याच्या जागी नुसती खुंटी.

ती तराजूची बैठक झुबक्याची ओळख झाली. घरी येऊन त्या बैठकीच्या चित्रात नुसता काळा रंग भरला आणि ते सहा वर्षांच्या भाचीला दाखवलं. आधीच्या चित्राच्या काळ्या आकाराला ती "मांजर" म्हणाली होती. या वेळी म्हणाली, "मावशी, हे झाडावरचं ते, लांब शेपटीचं." नाव नाही आलं तिला, पण प्राणी बरोबर ओळखला. ही परीक्षा फुकटात होते: लेअरचा अल्फा लॉक करा, काळा ओता, लहान मुलाला विचारा. मोठ्यांना विचारू नका, ते तुमचं मन राखतात.

फायलींच्या बाबतीतही मी शहाणी नव्हते. पहिलं चित्र १०८० बाय १०८० पिक्सेलच्या चौकोनात काढलं होतं, मोबाइलवर टाकायचं म्हणून. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर ते जेमतेम नऊ सेंटिमीटरचं होतं. प्रकाशनाच्या दिवशी त्याचाच सहा फुटी फ्लेक्स लागला. इंचाला १५ पिक्सेल. झुबक्याच्या गालांवर पायऱ्या दिसत होत्या आणि लोक कौतुकाने त्याच्याशेजारी फोटो काढत होते. तेव्हा सुरुवातच निदान ए-फोर आकाराने, ३०० डीपीआयवर करा. म्हणजे २४८० बाय ३५०८. बोधचिन्ह म्हणून वापरायचं असेल तर इंकस्केपसारख्या व्हेक्टरच्या साधनात एक प्रत करून ठेवा, ती कितीही ताणली तरी फाटत नाही. आणि लेअर एकत्र करू नका. मी रेघ, रंग, सावली, डोळे सगळं एकजीव करून टाकलं होतं, त्यामुळे नुसती नजर वळवायची तर अख्खा चेहरा पुन्हा काढावा लागला. रंगांचे पाच-सहा ठिपके एका फाइलमध्ये जपून ठेवा. स्क्रीनवर शेकराचा तांबूस मरून रंग झळझळतो, शाईत तो काळवंडतो. प्रेसमधून एक रंगीत प्रूफ मागवायला लाजू नका.

अनडूबद्दलही बोलायला हवं. त्या बटणाने मला भित्रं केलं. एक रेघ वीस वेळा ओढायची आणि पुसायची. शेवटी जी उरते तिच्यात जीव नसतो. आता पहिली पन्नास चित्रं मी पाठकोऱ्या कागदावर बॉलपेनने काढते, मगच टॅब्लेट उघडते.

आणि कागदावरून आठवलं, सही.

झुबक्या मी माझ्या मनाने केला होता. पुस्तक नंतर आलं. प्रकाशकांनी दोन पानांचा करार पाठवला. त्यात एक ओळ होती: पात्राचे सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे. पुस्तक निघतंय या आनंदात मी सही करून मोकळी झाले. कायदा मी नंतर वाचला. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. माझ्या करारात 'कायमस्वरूपी' हा शब्द होता, त्यामुळे ती पाच वर्षं माझ्या कामाची नव्हती. उलट प्रकारही घडतो: कुणाच्या सांगण्यावरून, पैसे घेऊन चित्र काढलं आणि वेगळं काही लिहून ठेवलं नाही, तर हक्क पैसे देणाऱ्याकडे जाऊ शकतो. हक्क दिले तरी चित्रकार म्हणून आपलं नाव सांगण्याचा अधिकार मात्र उरतो. पुस्तकाचा हक्क वेगळा, पात्राचा वेगळा, खेळणी-टीशर्टचा वेगळा, हे लेखी करून घ्या. सही करण्याआधी एखाद्या वकिलाला दोन पानं वाचायला दिली, तर फार फी जात नाही.

हे वॉल्ट डिस्नेलाही चुकलं नाही. १९२७ साली त्याच्या स्टुडिओने ओस्वाल्ड नावाचा ससा काढला. हक्क युनिव्हर्सलकडे होते, पुढच्याच वर्षी ससा हातचा गेला. त्यानंतर मिकी उंदीर आला. ओस्वाल्ड डिस्ने कंपनीकडे परतला तो २००६ मध्ये, एका क्रीडा समालोचकाच्या बदल्यात. माझ्याकडे द्यायला समालोचक नाही.

झुबक्याचं दुसरं पुस्तक या दिवाळीत आलं. चित्रं दुसऱ्या कुणाची आहेत, आणि बरी आहेत. पान २ पासून पान २४ पर्यंत शेकरू एकच आहे, अडीच डोक्यांचं, शेपटी सरळ खाली लोंबणारी. त्या चित्रकाराने फोन करून मॉडेल शीट मागितली होती. मी पाठवली.