संगणक-जाळ्याची मुळाक्षरे

उतारा, दाखला, बाजारभाव, परीक्षेचा निकाल, निवृत्तिवेतनाची नोंद या सर्व गोष्टी आज संगणकाच्या जाळ्यातून गावापर्यंत पोहोचतात. एके काळी ज्या कामासाठी तालुक्याच्या गावी दोन-तीन खेपा घालाव्या लागत, ते काम गावातील केंद्रावर होऊ लागले आहे. परंतु केंद्राच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या ग्रामस्थास कधी कधी एकच उत्तर मिळते : ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ त्या दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे वाया जाते. बिघाड नेमका कोठे आहे, तो कोणी दुरुस्त करावयाचा आणि तो खरोखरच जाळ्याचा आहे की कामकाजाचा, हे विचारण्याइतके ज्ञान ग्रामस्थास, शिक्षकास आणि ग्रामसेवकास असणे म्हणूनच आवश्यक ठरते. हे ज्ञान अवघड नाही. त्याची मुळाक्षरे या पाठात दिली आहेत.

शिष्टाचार म्हणजे काय?

दोन संगणकांनी परस्परांशी बोलताना पाळावयाच्या नियमांस ‘प्रोटोकॉल’ म्हणतात. शासनव्यवहारात या शब्दास ‘राजशिष्टाचार’ असा प्रतिशब्द रूढ आहे. पाहुण्याचे स्वागत कोणी करावे, आधी कोणी बोलावे, निरोप कसा द्यावा, हे राजशिष्टाचारात ठरलेले असते. संगणकांचा शिष्टाचारही असाच आहे. भेद इतकाच की, माणूस थोडी चूक सांभाळून घेतो. यंत्र घेत नाही.

मराठी वाचकांस याचे जवळचे उदाहरण जुन्या पत्रव्यवहारात सापडेल. अठराव्या शतकात धार व देवास येथे पवार घराण्याच्या गाद्या स्थापन झाल्या आणि माळव्यातून पुण्याकडे जासुदांच्या हस्ते पत्रे येऊ-जाऊ लागली. त्या पत्रांचा मायना ठरलेला असे. वडीलधाऱ्यांस एक, बरोबरीच्यास दुसरा, धाकट्यास तिसरा. पत्र कोणाचे, कोणास, कोणत्या तिथीचे, हे मजकूर वाचण्यापूर्वीच कळे. थैली वाहणाऱ्या जासुदास आतील मजकूर ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पत्र कोठे पोहोचवावयाचे एवढे समजले की त्याचे काम भागे. संगणकाच्या प्रत्येक निरोपासही असाच मायना असतो, आणि वाटेतील यंत्रे बहुधा त्या मायन्यावरूनच आपले काम करतात.

पुडकी आणि पत्ता

संगणक मोठा निरोप एकसंध पाठवीत नाही. त्याची लहान लहान पुडकी करतो. एका पुडक्यात सामान्यतः सुमारे दीड हजार अक्षरांइतकी माहिती मावते. प्रत्येक पुडक्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता लिहिलेला असतो. या पत्त्याचे नियम ज्या शिष्टाचाराने ठरतात त्यास ‘इंटरनेट प्रोटोकॉल’, संक्षेपाने ‘आय.पी.’ म्हणतात.

हा पत्ता अंकांत असतो, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.१. टपालाच्या पिनकोडाप्रमाणेच त्याचा आरंभीचा भाग विभाग दाखवितो आणि शेवटचा भाग त्या विभागातील विशिष्ट यंत्र दाखवितो. वाटेत ठिकठिकाणी ‘राउटर’ नावाची यंत्रे असतात. टपाल छाटणी कार्यालयातील कर्मचारी ज्याप्रमाणे पत्त्याकडे पाहून थैली पुढे पाठवितो, त्याप्रमाणे राउटर पुडके पुढच्या टप्प्यास सोपवितो. संपूर्ण मार्ग एकाच राउटरला माहीत असावा लागत नाही. पुढचा टप्पा माहीत असला की पुरे.

जुन्या पद्धतीच्या आय.पी. पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे. जगाच्या गरजेस ती अपुरी पडू लागली. जागतिक साठ्यातील मोकळे पत्ते फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. म्हणून फार मोठ्या संख्येने पत्ते देऊ शकणारी नवी पद्धत, म्हणजे आय.पी.ची सहावी आवृत्ती, वापरात आली आहे. दोन्ही पद्धती आज शेजारी शेजारी चालतात.

पोच आणि पावती

आय.पी. पुडके पुढे पाठवितो, पण ते पोहोचलेच याची हमी देत नाही. पुडके वाटेत हरवू शकते किंवा मागचे पुडके आधी पोहोचू शकते. ही उणीव ‘टी.सी.पी.’ हा दुसरा शिष्टाचार भरून काढतो. तो पुडक्यांस क्रमांक देतो, पलीकडून पोच मागतो आणि पोच न आल्यास तेच पुडके पुन्हा पाठवितो. व्यवहार सुरू होण्यापूर्वी दोन्ही यंत्रे तीन निरोपांत परस्परांची ओळख पटवून घेतात. पहिले यंत्र बोलू इच्छिते असे कळविते. दुसरे होकार देऊन आपलीही तयारी कळविते. पहिले त्या होकाराची पोच देते. नोंदणीकृत टपालाची ही रीत आहे. साध्या टपालासारखा ‘यू.डी.पी.’ हा शिष्टाचारही आहे. बोलणे किंवा चित्र थेट पोहोचवावयाचे असेल, तेथे एखादे पुडके हरवले तरी चालते, पण थांबून चालत नाही. अशा ठिकाणी तो उपयोगी पडतो.

टी.सी.पी.चा मूळ विचार व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडला. अमेरिकेतील ‘आर्पानेट’ हे जाळे १ जानेवारी १९८३ रोजी या नव्या शिष्टाचारावर आले. भारतात सर्वसामान्य जनतेसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली.

थर वेगळे का ठेवले?

देवास जिल्ह्यातील नेमावर हे नर्मदेच्या उत्तर तीरावरील प्राचीन क्षेत्र आहे. सिद्धनाथाचे मंदिर तेथेच आहे आणि समोरच्या तीरावर हंडिया हे गाव आहे. पूर्वी पैलतीरी जावयाचे तर नाव करावी लागे. आज इंदूर-बैतूल मार्गावरील पूल तेथे नर्मदा ओलांडतो. धान्याचे पोते नावेने गेले काय किंवा पुलावरून मालमोटारीने गेले काय, पोत्यावरची चिठ्ठी बदलत नाही. घेणारा व्यापारीही तोच राहतो.

संगणक-जाळ्याची रचना याच तत्त्वावर उभी आहे. तिचे चार थर मानतात. सर्वांत खाली दुवा, म्हणजे तार, काचतंतू किंवा बिनतारी लहरी. त्यावर पत्त्याचा थर, म्हणजे आय.पी. त्यावर पोचपावतीचा थर, म्हणजे टी.सी.पी. आणि सर्वांत वर प्रत्यक्ष सेवा. खालचा दुवा बदलला तरी वरची सेवा तशीच चालते. म्हणूनच टेलिफोनच्या तारेवर सुरू झालेली सेवा पुढे काचतंतूवर नेता येते आणि ग्रामस्थास त्यासाठी काहीही नव्याने शिकावे लागत नाही.

नावांची नोंदवही आणि खिडक्या

अंकांतील पत्ते माणसाच्या लक्षात राहत नाहीत. म्हणून संकेतस्थळांस नावे दिली जातात. नावावरून अंकांचा पत्ता सांगणारी एक विभागून ठेवलेली नोंदवही जगभर आहे. तिला ‘डी.एन.एस.’ म्हणतात. ती १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी रचली. २०१४ पासून ‘.भारत’ या देवनागरी शेवटाची नावेही मिळू लागली आहेत, आणि मराठी ही त्यात समाविष्ट असलेल्या भाषांपैकी एक आहे.

नव्याने जोडलेल्या संगणकास स्वतःचा पत्ताही हवा असतो. तो देण्याचे काम ‘डी.एच.सी.पी.’ ही सेवा करते. धर्मशाळेत उतरलेल्या यात्रेकरूस व्यवस्थापक ज्याप्रमाणे काही मुदतीसाठी खोली देतो, तसा हा पत्ता मुदतीपुरता मिळतो.

तहसील कार्यालयात प्रत्येक कामाची खिडकी वेगळी असते. सेवा पुरविणाऱ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, अशाच क्रमांकित खिडक्या असतात. त्यांस ‘पोर्ट’ म्हणतात. संकेतस्थळाची साधी पाने ८० क्रमांकावर, सुरक्षित पाने ४४३ वर, सर्व्हरांमधील ई-टपाल २५ वर आणि नावांची चौकशी ५३ वर चालते. सुरक्षित पानात मजकूर कुलूपबंद होऊन जातो, त्यामुळे वाटेतील कोणास तो वाचता येत नाही. मात्र कुलूप आहे म्हणून पलीकडचा मनुष्य प्रामाणिक आहे, असे ठरत नाही. फसव्या संकेतस्थळावरही कुलूप असू शकते. नाव अक्षर अन् अक्षर तपासावे आणि परवलीचा अंक, म्हणजे ओ.टी.पी., कोणासही सांगू नये.

धारचा ‘ज्ञानदूत’

ही सर्व मुळाक्षरे एका प्रत्यक्ष प्रयोगात एकत्र पाहावयाची असतील, तर धार जिल्ह्याकडे वळावे लागेल. मध्य प्रदेशातील या आदिवासीबहुल जिल्ह्यात १ जानेवारी २००० रोजी ‘ज्ञानदूत’ नावाचे ग्रामीण संगणक-जाळे सुरू झाले. जिल्ह्याच्या ठिकाणी सर्व्हर आणि गावोगावी ‘सूचनालये’ अशी त्याची रचना होती. सूचनालय चालविणारा ‘सूचक’ हा त्याच परिसरातील शिकलेला तरुण असे. त्यास पगार नव्हता. ग्रामस्थांकडून मिळणाऱ्या ठराविक सेवाशुल्कावर त्याचा उदरनिर्वाह चाले. मंडीतील भाव, जमिनीच्या नोंदींचे उतारे, दाखल्यांसाठी अर्ज आणि प्रशासनाकडे तक्रार या त्याच्या प्रमुख सेवा होत्या.

थरांच्या दृष्टीने पाहता त्याची मांडणी स्पष्ट दिसते. दुवा होता टेलिफोनची तार. संगणकाचा निरोप तारेवर चढविण्यासाठी व उतरविण्यासाठी मोडेम. वरची सेवा होती संकेतस्थळासारखी पाने, पण ती जिल्ह्यापुरत्या अंतर्गत जाळ्यावर. भाव जाणून घेण्यासाठी निरोपास जगभर फिरण्याची गरज नव्हती. धारपर्यंत पोहोचला की पुरे. या प्रयोगास २००० सालचा स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रातही १९९८ पासून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरातील सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सहकारी संस्थांच्या आधाराने हाती घेण्यात आला होता.

ज्ञानदूताचे यश जसे अभ्यासण्यासारखे आहे, तशा त्याच्या अडचणीही. वीज वारंवार जाई. टेलिफोनची तार नादुरुस्त होई. पण एक अडचण अशी होती, जी कोणत्याही मोडेमने सुटणारी नव्हती. सूचनालयातून अर्ज क्षणात जिल्ह्यास पोहोचे. त्यावर निर्णय मात्र कार्यालयातील टेबलावरच व्हावयाचा असे. भाव दाखविणारे पान उघडे, पण ताजे भाव भरणारा हात थांबला तर पानावर शिळा भाव राही. टी.सी.पी. निरोप पोहोचल्याची पोच देतो. काम झाल्याची पोच तो देऊ शकत नाही. ती पोच देणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे. मध्य प्रदेशात २०१० मध्ये आणि महाराष्ट्रात २०१५ मध्ये लोकसेवांचे कायदे झाले. अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला. चार थरांवरचा पाचवा थर म्हणावा, तो हाच.

बिघाड शोधण्याची पायरी

ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची योजना केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. दुवा बदलला, तरी बिघाड शोधण्याची रीत तीच राहिली. ती खालून वर जाते :

१. वीज आहे काय? यंत्रावरील दिवे लागले आहेत काय? तार घट्ट बसली आहे काय?

२. संगणकास पत्ता मिळाला आहे काय? नसेल तर बिघाड केंद्रातील राउटरचा किंवा जोडणीचा असण्याचा संभव अधिक.

३. राउटर उत्तर देतो काय? ‘पिंग’ ही आज्ञा एक लहान निरोप पाठवून उत्तराची वाट पाहते. राउटर उत्तर देतो, पण बाहेरचे काहीच उघडत नाही, अशा वेळी सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवावी.

४. अंकांच्या पत्त्याने बाहेर पोहोचता येते, पण नावाने येत नाही, असे असेल तर दोष नावांच्या नोंदवहीत आहे.

५. इतर संकेतस्थळे उघडतात व एकच उघडत नाही, तर दोष बहुधा त्या सर्व्हरचा आहे. काही सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. म्हणून केवळ पिंगवरून निर्णय करू नये.

६. पान उघडते, अर्ज जातो, पोचक्रमांक मिळतो, आणि तरीही काम होत नाही, तर बिघाड जाळ्यात नाही. पोचक्रमांक घेऊन संबंधित अधिकाऱ्याकडे, आणि मुदत उलटल्यास अपिलात जावे.

शिक्षकांनी ही सहा पायऱ्यांची यादी शाळेच्या फळ्यावर व ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकावर लावल्यास तिचा मोठा उपयोग होईल. केंद्रचालकानेही ‘सर्व्हर डाऊन’ एवढेच न सांगता कोणत्या पायरीवर अडले ते सांगावे, आणि येण्याची वेळ सांगताना ग्रामस्थाची खेप वाचेल असे पाहावे.

उजळणीसाठी प्रश्न

१. आय.पी. आणि टी.सी.पी. यांच्या कामांतील भेद टपालाच्या उदाहरणाने सांगा.

२. नदीवर पूल झाला तरी पोत्यावरची चिठ्ठी बदलत नाही. या उदाहरणातील नाव, पूल व चिठ्ठी ही जाळ्याच्या कोणकोणत्या थरांची प्रतीके आहेत?

३. नावांची नोंदवही बंद पडली, तर कोणते काम अडेल व कोणते चालू राहू शकेल?

४. आपल्या गावच्या केंद्रावर मागील खेपेस काम अडले असल्यास, ते कोणत्या पायरीवर अडले होते याची चौकशी करून नोंद करा.