घटक ५ : अंत्यविधीचे पर्यावरणस्नेही पर्याय – शब्द आणि निर्णय

५.० उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस अंत्यविधीच्या पर्यायांविषयी नेमकी माहिती देता येईल, त्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांचे परीक्षण करता येईल आणि स्वतःच्या इच्छेची संदिग्धता टाळून सूचना लिहिता येईल.

५.१ प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, उपयोजित लेखनात आपण अर्ज, निवेदन, इतिवृत्त हे प्रकार अभ्यासले. मृत्यूनंतरच्या विधीविषयीची सूचना मात्र सहसा अभ्यासक्रमात येत नाही. माझ्या वडिलांनी वहीच्या शेवटच्या पानावर ‘माझे सर्व साधेपणाने करावे’ असे एकच वाक्य लिहून ठेवले होते. धाकट्या भावाच्या मते त्याचा अर्थ विद्युतदाहिनी. काकांच्या मते गावच्या नदीकाठी लाकडांवरच दहन, पण तेराव्याचे जेवण नको. दोघेही वाक्याला धरूनच बोलत होते. दोष ‘साधेपणाने’ या क्रियाविशेषणाचा होता, आणि तो आम्हांला मृतदेह अंगणात असताना उमगला.

‘पर्यावरणस्नेही’ हे विशेषणही त्याच जातीचे आहे. ते ऐकताच ‘कशापेक्षा?’ असा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी.

५.२ भाषेत टिकलेली सामग्री
लाकडाची चिता हीच आपली एकमेव परंपरा, असे मानले जाते. मराठीतील वाक्प्रचार वेगळी साक्ष देतात. मरण जवळ आलेल्या माणसाविषयी ‘त्याच्या गोवऱ्या मसणात गेल्या’ असे म्हणतात. म्हणजे स्मशानात गोवऱ्याही नेल्या जात होत्या. आज काही ठिकाणी गोवऱ्यांच्या दहनाचा पुरस्कार नवी सुधारणा म्हणून होतो, तेव्हा हा वाक्प्रचार आठवावा. ‘मूठमाती देणे’ हा प्रयोग दफनाची आठवण जपतो. लिंगायत समाजात मृतदेह बसलेल्या स्थितीत पुरण्याची रीत आहे. ग्रामीण बोलींत तर दहन असो वा दफन, लोक ‘मातीला’ जातात.

५.३ पर्यायांचा विचार
पारंपरिक चितेला साधारणपणे तीनशे ते पाचशे किलो लाकूड लागते. दिल्लीतील ‘मोक्षदा’ या संस्थेने १९९२ पासून पुढे आणलेल्या रचनेत लाकडे जमिनीवर न रचता उंच जाळीवर रचतात. खालून हवा खेळत राहिल्याने ज्वलन अधिक पूर्ण होते आणि सुमारे दीडशे ते दोनशे किलो लाकडांत दहन होते. अग्नी देणे, प्रदक्षिणा, अस्थी सावडणे हे विधी कायम राहतात. ज्या घरात विद्युतदाहिनीचे नाव काढताच वाद होतो, तेथे हा मध्यममार्ग मला सर्वांत व्यवहार्य वाटतो.

विद्युतदाहिनीत लाकूड जळत नाही. तथापि वीज कोळशापासून आली असेल, तर धूर स्मशानातून हलून वीजकेंद्रात जातो, एवढेच. शिवाय थंड भट्टी तापविण्यास बरीच ऊर्जा लागते. म्हणून वर्दळीच्या शहरी स्मशानभूमीत ती जितकी किफायतशीर, तितकी क्वचित वापर होणाऱ्या लहान गावात नाही. वायुदाहिनीला इतका वेळ तापवावे लागत नाही, पण तिचे इंधनही बहुधा खनिजच असते.

देहदानाला अनेकजण पर्यावरणस्नेही म्हणतात. येथे वर्गीकरणाची गल्लत होते. देहदानाचे प्रयोजन वैद्यकीय शिक्षण हे आहे. त्यासाठी देह रसायनांत जतन केला जातो आणि अभ्यासानंतर अवशेषांची विल्हेवाट लावावीच लागते. महाराष्ट्रात त्यास १९४९ च्या शरीररचनाशास्त्रविषयक कायद्याचा आधार आहे. मात्र शवविच्छेदन झालेला किंवा संसर्गजन्य रोगाने मृत झालेला देह महाविद्यालये सहसा स्वीकारत नाहीत. इच्छापत्रक भरले असले, तरी प्रत्यक्षात नातेवाइकांची संमती लागतेच. म्हणून देहदान इच्छिणाऱ्याने दुसरा पर्यायही लिहून ठेवावा.

दफनात प्रश्न मातीचा नसून मातीत घातल्या जाणाऱ्या वस्तूंचा आहे. केवळ कफनात गुंडाळून केलेले मुस्लिम दफन निसर्गात सहज विलीन होते. वार्निश केलेली पेटी व सिमेंटची कबर तसे होऊ देत नाही. इंग्लंडमधील कार्लाइल येथे १९९३ मध्ये वनदफनभूमी सुरू झाली. तेथे थडग्याच्या दगडाऐवजी झाड लावतात.

पर्यावरण बिघडले की विधीही मोडतो, याचे उदाहरण मुंबईत आहे. पारशी समाजाची दखम्यांची पद्धत गिधाडांवर अवलंबून होती. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोवर उशीर झाला होता. डुंगरवाडीवर सौरऊर्जा एकवटणारे आरसे बसवावे लागले, आणि २०१५ मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत दहन इच्छिणाऱ्या पारशांसाठी प्रार्थनागृह उघडले.

५.४ नव्या पद्धतींची नावे
अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये संमत केलेल्या कायद्यानुसार, मृतदेह लाकडाचा भुसा व गवत यांच्यासह बंदिस्त पात्रात ठेवून त्याची माती होऊ देण्यास २०२० पासून मान्यता आहे. याला मराठीत ‘मानवी खत’ म्हणावे काय? आपल्या कानाला ‘खत’ शब्द उकिरड्याजवळ नेतो, आणि ‘सोनखता’चा अर्थ ग्रामीण वाचकाला सांगावा लागत नाही. ‘मातीत मिळणे’ म्हणजे नाश. ‘मातीला जाणे’ या प्रयोगात मात्र आदर शाबूत आहे. नवा शब्द तेथून घडविणे इष्ट.

आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या पार्थिवासाठी दुसरी पद्धत अवलंबिली गेली. २०२१ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. या पद्धतीत तापविलेल्या अल्कधर्मी पाण्यात देहाचे विघटन होते आणि हाडे उरतात. ‘जलदाहन’ म्हणावे, तर दहन होतच नाही. ‘जलसमाधी’चा अर्थ आधीच ठरलेला आहे. ‘जलविघटन’ अचूक आहे, परंतु निधनवार्तेत तो शब्द घालण्यास हात धजणार नाही. दोन्ही पद्धती आपल्याकडे रूढ नाहीत, पण त्यांच्यावर मराठीत लिहिण्याची वेळ आपल्यावर येऊ शकते.

५.५ सूचना लिहिताना
विशेषणे टाळून क्रियापदे वापरावीत. ‘पर्यावरणाचा विचार व्हावा’ याऐवजी ‘विद्युतदाहिनीत दहन करावे, ती बंद असल्यास कमी लाकडांच्या जाळीवर करावे’ असे लिहावे. ‘रक्षा नदीत न सोडता शेतात मिसळावी व तेथे झाड लावावे’ हे वाक्य कोणीही दोन प्रकारे वाचू शकत नाही. मृत्युपत्र बहुधा विधी उरकल्यावरच उघडले जाते, म्हणून ही सूचना स्वतंत्र कागदावर असावी आणि ती निदान दोघांना वाचून दाखवावी. वाचून दाखविताना जेथे आपण अडखळतो, ते वाक्य पुन्हा लिहावे.

स्वाध्याय
१. ‘साधेपणाने’, ‘रीतीप्रमाणे’, ‘शक्य असल्यास’ या शब्दांचे प्रत्येकी दोन परस्परविरोधी अर्थ वाक्यांत योजून दाखवा.
२. आपल्या परिसरातील स्मशानभूमीत कोणती इंधने वापरली जातात याची चौकशी करून दीडशे शब्दांचे निवेदन लिहा.
३. स्वतःसाठी पाच वाक्यांची सूचना लिहा. ती अभ्यासकेंद्राकडे पाठवू नये. घरातील एका व्यक्तीस वाचून दाखवावी व तिने विचारलेले प्रश्न तेवढे वहीत नोंदवावेत.