पाण्याखालचे कुर्डी

दक्षिण गोव्यातील बहुतेक घरांच्या नळाला येणारे पाणी कोठून येते, असे वर्गात विचारले तर 'साळावलीच्या धरणातून' हे उत्तर तत्काळ मिळते. त्या पाण्याच्या तळाशी काय आहे, असे विचारले म्हणजे मात्र वर्ग गप्प होतो. त्या पाण्याच्या तळाशी एक गाव आहे. त्याचे नाव कुर्डी.

सांगे तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी, दोन डोंगरांच्या कुशीत हे गाव वसलेले होते. मधून साळावली नदी वाहत असे. भाताची शेते, नारळी-पोफळींची कुळागरे, आंब्याफणसांची झाडे. सोमेश्वराचे देऊळ, ख्रिस्ती वस्तीचे कपेल आणि मुसलमानांचे एक श्रद्धास्थान, असा सारा संसार तेथे नांदत होता. वस्ती सुमारे ३००० होती. जयपूर घराण्याच्या थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म १९०४ साली याच गावी झाला. त्यांच्या आडनावातून या गावाचे नाव देशभरच्या रसिकांच्या कानी गेले. पण ते एका खऱ्याखुऱ्या गावाचे नाव आहे, हे किती जणांच्या ध्यानी आले असेल कोण जाणे!

१९६१ साली गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर या धरणाची योजना पुढे आली. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी स्वतः गावात येऊन, साऱ्या दक्षिण गोव्याच्या हितासाठी गाव सोडावे लागेल, असे सांगितल्याचे जुने कुर्डीकर सांगतात. लोकांना वाडे आणि वालकिणी येथे जमिनी व भरपाई मिळाली. १९८६ साली पाणी चढले आणि गाव बुडाले.

गावातील काही गोष्टी मात्र बुडू दिल्या नाहीत. कुर्डीचे प्राचीन महादेव मंदिर पुरातत्त्व खात्याने दगड न् दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा उभारले. जांभ्या दगडातील मातृदेवतेची भव्य मूर्ती वेर्णे येथे नेण्यात आली. हे काम मोठ्या कसोशीचे होते आणि आम्हांस त्याचे कौतुकच वाटते. तथापि देऊळ हलविता येते, तसे गाव हलविता येते काय? भरपाई घरामागे आणि शेतामागे मोजली जाते. पण पाणंद, तळी, झाडाखालची बसण्याची जागा, उत्सवात कोणी कोणते काम करावयाचे याची पिढ्यान्पिढ्यांची वाटणी, यांपैकी काहीच कोणा एकाच्या नावावर नसते. म्हणून त्यांची नोंद कोणत्याही कागदावर होत नाही. आणि गाव म्हणजे पुष्कळ अंशी नेमके हेच असते.

गाव बुडाल्यानेच नाहीसे होते असेही नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरात सेंट किल्डा नावाचा एक द्वीपसमूह आहे. तेथील लोक कड्यांवरून दोराने उतरून समुद्रपक्षी धरीत आणि त्यांवर उपजीविका करीत. दररोज सकाळी गावातील पुरुष एकत्र जमून दिवसाचे काम ठरवीत. तेथे ना धरण झाले, ना पूर आला. तरुण माणसे एकेक करून बाहेर पडली, आणि दोर धरावयास, नाव वल्हवावयास पुरेसे हात उरले नाहीत, एवढेच. अखेर उरलेल्या ३६ जणांनी आपणहून सरकारकडे विनंती केली आणि २९ ऑगस्ट १९३० रोजी बेट सोडले. त्यांतील अनेकांना मुख्य भूमीवर वनखात्यात काम मिळाले. ज्यांच्या बेटावर झाड म्हणून नव्हते, त्यांना! त्या बेटावर जन्मलेली शेवटची व्यक्ती २०१६ साली निवर्तली. घरांच्या दगडी भिंती आजही उभ्या आहेत. त्यांत आपले घर कोणते, हे सांगणारे कोणी नाही.

कुर्डीची गोष्ट नेमकी उलटी आहे. तेथे भिंती उरल्या नाहीत, पण सांगणारे आहेत. पावसाळ्यात भरलेला जलाशय उन्हाळ्यात ओसरत जातो आणि मे महिन्याच्या सुमारास गाव वर येते. घरांचे चौथरे, वठलेल्या झाडांची खोडे, भेगाळलेला गाळ, सोमेश्वराचे देऊळ. मग वाडे, वालकिणी आणि आणखी दूरदूरच्या ठिकाणांहून कुर्डीकर परत येतात. देवळात उत्सव होतो; ख्रिस्ती कुटुंबे आपल्या कपेलचे फेस्त करतात. वर्षभर ज्यांची गाठ पडत नाही, असे शेजारी पुन्हा शेजारी होतात.

पण हेही सांगितले पाहिजे की कुर्डीत राहिलेली माणसे आता उतारवयास लागली आहेत. त्यांच्या नातवंडांनी हे गाव कधी नांदते पाहिलेले नाही. त्यांच्या लेखी ते उन्हातले एक उघडे माळरान. ही मुले आणखी तीस वर्षांनी मे महिन्यात येथे येतील की नाही, यावरच सारे अवलंबून आहे. सरकारी भरपाई, जलाशयाची पातळी यांवर नव्हे.

तूर्त आजी चौथऱ्यावर उभी राहून हाताने दाखविते : येथे चूल होती, येथे तुळस, आणि त्या पलीकडे विहीर. नातू त्या चौकोनात फिरून पाहतो आणि विचारतो, "मग दार कुठे होते?" आजी क्षणभर थांबते, नदीच्या बाजूला वळते, आणि दाराच्या जागी जाऊन उभी राहते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की ही जागा पुन्हा पाण्याखाली जाईल.