भूत शिवेबाहेर सोडून ये

अगं, पोळ्यापासून दिवाळीपर्यंत तुझ्या पायाला आता भिंगरीच लागणार. लाखनी, साकोली, पवनीच्या शाळांची गोष्टी सांगायला बोलावणी आलीत. त्यात १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, म्हणजे वाचनालयंही हाक मारणार. आणि सगळीकडे मुलांची फर्माईश एकच: ताई, भुताची सांगा! सांग, मनापासून सांग. मुलांना असल्या गोष्टी ऐकवूच नयेत म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. भीती त्यांच्या मनात आधीपासून असते. अंधाराची असते, रानाची असते, बापाच्या रिकाम्या खाटेची असते. दहाजणांत बसून ती एकदा मोठ्यानं ऐकली की तिचा भार वाटला जातो.

पण एक सांभाळ. भूत वर्गात आणलंस तर जाताना ते बाहेर काढूनच जा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे काय करतात ते आठव. आदल्या दिवशी दाराशी ठेवलेले पळसाचे मेढे पहाटे उचलायचे, रोगराईला, खोकल्याला, मच्छरांना नाव घेऊन हाका मारत गावाबाहेर न्यायचं आणि शिवेपलीकडे टाकून यायचं. नागपुरात याचीच मोठी मारबत, म्हणजे पुतळ्याची मिरवणूक, निघते. भीतीचं काय करावं हे आपल्या बायाबापड्यांना किती आधीपासून माहीत होतं बघ! तिचं नाव घ्यायचं, सगळ्यांनी मिळून तिला चालवत न्यायचं आणि पोरांच्या डोळ्यांदेखत बाहेर टाकायचं. तुझी गोष्ट याच वाटेनं जाऊ दे. ‘आणि ते अजून तिथंच आहे...’ असा शेवट करून टाळ्या मिळतात खऱ्या, पण ती टाळी वाजवणारं पोर रात्री लघवीला उठत नाही. आश्रमशाळेत तर हे फार जप. तिथं कुशीत घेणारी आई नसते. तिथला कार्यक्रम सकाळच्या परिपाठानंतर घे. संध्याकाळी ठेवला असेल तर मुख्याध्यापकांना नीट समजावून वेळ बदलून घे. ते नाही म्हणाले तर त्या दिवशी वाघाची, कोल्ह्याची गोष्ट सांग.

आता जे सांगते ते पदराला गाठ मारून ठेव. तुझ्या गोष्टीतली भुताळी बाई कुणाच्या शेजारची म्हातारी नको. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण पोरांना किती आवडते! ती रंगमंचावरची आहे, तिचं घर कुणाच्या गल्लीत नाही. पण तू ‘तलावाच्या पाळीवर एकटी राहणारी, केस पिकलेली विधवा’ म्हणालीस की वर्गातल्या पाच मुलांच्या डोळ्यांसमोर पाच खऱ्या बाया उभ्या राहतात. आपल्या भागात करणीच्या संशयावरून माणसांना मारहाण झाली आहे, गाव सोडायला लावलं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला त्याच २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला. अमुक माणूस करणी करतो, भूत लावतो असं पसरवून त्याला छळणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुला कुणी पोलिसांत नेणार नाही गं. पण कायद्याला ज्या वेदनेची दखल घ्यावी लागली, ती आपल्या गोष्टीनं वाढू नये, एवढंच माझं म्हणणं. भुताला गाव देऊ नकोस, आडनाव देऊ नकोस, जात तर मुळीच देऊ नकोस.

तसंच सापाचं. मांत्रिकानं विष उतरवलं ही जुन्या गोष्टींतली लाडकी कलाटणी. ती काढून टाक. ही धानाच्या शेतांतली मुलं आहेत, बांधावरून शाळेत येतात, पावसाळ्यात जमिनीवर झोपतात. मण्यार रात्री अंथरुणात येऊन चावते, दुखतही नाही फारसं, आणि सकाळपर्यंत श्वास अडकतो. त्या घरात कुणाला तुझी गोष्ट आठवून आधी मांत्रिकाकडे जावंसं वाटलं तर? साप चावल्यावर डॉक्टरकडे जाण्यापासून अडवणं हाही त्याच कायद्यात गुन्हा आहे. तुझ्या गोष्टीत मांत्रिक असू दे हवं तर, पण पोराला दवाखान्यात नेणारी मोठी बहीणही असू दे, आणि वाचवणारी तीच असू दे.

मग उरतं काय, असं विचारशील. भरपूर उरतं! चकवा घे. कोका, नागझिऱ्याच्या कडेच्या गावांतली मुलं चकव्याचं नाव निघताच सरसावून बसतात, कारण रानात वाट चुकणं त्यांच्या घरात घडलेलं असतं. मोहफुलं वेचायला गेलेल्या कुणाचा तरी रस्ता हरवलेला असतो. तिथं भूत दाखवूच नकोस. तेच पळसाचं झाड तिसऱ्यांदा समोर येऊ दे आणि गप्प बस. शेवटी वाट सापडते ती कशी, हे मुलांनाच विचार. सूर्य, नाल्याचं पाणी, गुरांची पायवाट, सगळं तीच सांगतात.

तुमसरकडे गेलीस तर आंबागड आहेच. साधारण १७०० च्या सुमाराचा किल्ला. पुढे भोसल्यांच्या काळात तिथं कैदी ठेवत, आणि आतल्या विहिरीचं सडलेलं पाणी पाजून त्यांना मारत, असं सांगतात. या गोष्टीत भूत घालायची गरजच नाही. माणसानं माणसाला काय केलं याची ती भीती आहे. आठवी-नववीच्या मुलांना ती पेलते, लहानांना नको.

सांगण्याबद्दल तुला काय शिकवू? शंकर पाटील, मिरासदार, माडगूळकर गावोगाव फिरून कथाकथन करत, तेव्हा माईकसमोर माणूस आणि त्याचा आवाज, एवढ्यावर मैदान भरायचं. तू मुखवटे, धूर, मोबाइलवरच्या किंकाळ्या यांच्या नादी लागू नकोस. झाडीबोलीत बोल. मुलांच्या आजीची भाषा गोष्टीत आली की मुलं लगेच जवळ सरकतात.

आणि जाताना ग्रंथपालांना सांगून दोन पुस्तकं टेबलावर काढून ठेव. मोठ्या मुलांसाठी नारायण धारप चालतील, पण आधी स्वतः वाच आणि कोणती कथा द्यायची ते ठरव. कार्यक्रम झाला की लगेच निघू नकोस. एखादं पोर मागे रेंगाळतं, चप्पल घालायला वेळ लावतं. त्याला आपली गोष्ट सांगायची असते. एस.टी. चुकली तर चुकू दे, पुढच्या गाडीनं ये.