पंपाखालचा गुलाबी डाग

मार्च महिन्यात धारवाडच्या घरासमोर आमच्या जुन्या डिझेल गाडीखाली सकाळी दोन-चार थेंब दिसायचे. पुढे दिवसभर फरशी कोरडी. कूलंटची बाटली मात्र आठवड्याला बोटभर उतरायची आणि मी ती बोअरच्या पाण्यानं भरत राहिलो. कुणाच्या तरी सांगण्यावरून रेडिएटरमध्ये चमचाभर हळदही घातली. थेंब आठ दिवस खरंच थांबले, आणि त्यामुळेच मी गाफील राहिलो.

एप्रिलमध्ये भर दुपारी बेळगावला निघालो. तेगूरच्या अलीकडे तापमानाचा काटा वर चढला आणि थोड्या वेळानं आपोआप खाली आला. मला हायसं वाटलं. खरं तर थांबायला हवं होतं ते तेव्हाच. काट्याचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंटच उरलं नाही की त्याला इंजिनची खरी उष्णता कळत नाही. कित्तूरजवळ गाडीची ओढ गेली, बॉनेटखालून वाफ आली.

हुबळीला ओढून आणल्यावर मिस्त्रींनी बॅटरी मारून वॉटर पंपाच्या पोटाखालचं बारीक भोक दाखवलं. भोवती वाळलेल्या कूलंटचा गुलाबी थर. "पंप होगेत्री," एवढंच म्हणाले, पंप गेलाय. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं म्हणून. गरम इंजिनावर पडलेला थेंब तिथल्या तिथं वाळतो, म्हणून जमिनीवर डबकं दिसत नाही. इंजिन तापून सिलिंडर हेड वाकलं होतं. फेसिंग, नवं गॅस्केट, मजुरी धरून खर्च पंपाच्या किमतीच्या कितीतरी पट झाला.

म्हणून ते भोक कधीही बुजवू नका. इंजिन थंड आणि बंद असताना पंपाची पुली धरून हलवून बघा. खेळ जाणवला तर बेअरिंगही गेलंय. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्ट त्याच वेळी बदला, नाहीतर तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. जुनं गॅस्केट खरवडताना ॲल्युमिनियमवर ओरखडा पडू देऊ नका. पडला तर नवा पंपही तिथून गळेल. हळद किंवा पावडर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसते. आपल्याकडच्या जड बोअरच्या पाण्याचा क्षार धरतो, तेव्हा कंपनीनं सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड पाण्यात, बहुधा निम्मं-निम्मं, मिसळून भरा आणि आतली हवा पूर्ण काढा. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाका. ते चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

काटा चढून एकाएकी खाली पडला तर पुढच्या गावाची वाट बघू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि ते पूर्ण गार होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका.