हस्तकौशल्याची परीक्षा : स्वचित्रित चित्रफितीचा उपयोग

आपल्या माणसाच्या हातात सलाईनसाठी सुई टोचली जात असताना नातेवाइकांच्या मनात एक प्रश्न हमखास उभा राहतो : 'या हाताने हे काम पूर्वी किती वेळा केले असेल?' संकोचामुळे तो बहुधा विचारला जात नाही. परंतु प्रश्न रास्त आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर देणे हे प्रशिक्षण देणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाचे कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो. त्या दृष्टीने आमच्या प्रशिक्षण विभागात अवलंबिलेल्या एका पद्धतीचा परिचय येथे करून देत आहोत.

अमेरिकन वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय क्षमतेच्या चार पायऱ्या मांडल्या : माहिती असणे, ती कशी वापरावी हे समजणे, करून दाखविणे आणि प्रत्यक्ष कामात तसे वागणे. लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांपाशी थांबते. तिसरीसाठी स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये नवी परीक्षापद्धती मांडली. तीत विद्यार्थी ठरावीक वेळाने एका टेबलाकडून दुसऱ्याकडे जातो, नेमून दिलेले काम करून दाखवितो आणि परीक्षक पूर्वनिश्चित यादीनुसार गुण देतो. ही पद्धती पुढे जगभर स्वीकारली गेली. मात्र तिला एकाच वेळी अनेक परीक्षक लागतात, आणि विद्यार्थ्याला गुण कळले तरी स्वतःचा हात कसा चालला हे दिसत नाही.

स्वचित्रित चित्रफीत ही उणीव भरून काढते. प्रशिक्षणार्थी कृत्रिम हातावर शिरेत सुई बसविण्याची कृती करतो. स्टँडवर लावलेला मोबाईल ती आरंभापासून अखेरपर्यंत टिपतो. प्रथम तो स्वतः चित्रफीत पाहून यादीवर खुणा करतो. त्यानंतर शिक्षक त्या खुणा न पाहता आपली यादी भरतात आणि मग दोघे एकत्र बसतात. दोन याद्यांत जेथे फरक आढळतो, तेथे खरा पाठ सुरू होतो.

एक उदाहरण देतो. आमच्या एका प्रशिक्षणार्थी परिचारिकेने लेखी परीक्षेत सर्व पायऱ्या अचूक लिहिल्या होत्या. त्वचा निर्जंतुक केल्यावर ती सुकू द्यावी आणि त्या जागेस पुन्हा बोट लावू नये, हेही त्यात होते. चित्रफीत पाहून तिने यादीतील त्या ओळीसमोर 'केले' अशी खूण केली. शिक्षिकेने 'केले नाही' अशी. दोघींनी चित्रण पुन्हा पाहिले. सुई टोचण्यापूर्वी शीर चाचपण्यासाठी तिचे बोट नकळत त्याच जागेवर गेले होते. पहिल्या वेळी तिची नजर केवळ सुईवर होती. 'मी असे करते हे मला ठाऊकच नव्हते,' असे ती म्हणाली. ते बोट कृत्रिम कातडीवर टेकले म्हणून निभावले. रुग्णाच्या बाबतीत तेच जंतुसंसर्गाचे निमित्त ठरू शकले असते.

चित्रफितीवरून कौशल्य खरोखर पारखता येते काय, याविषयी अमेरिकेतील मिशिगन राज्यातील एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थूलतेवरील शस्त्रक्रिया करणाऱ्या २० शल्यविशारदांनी स्वतः निवडलेली एकेक चित्रफीत दिली आणि समव्यावसायिकांनी, ती कोणाची हे न जाणता, गुण दिले. सर्वांत कमी गुण मिळालेल्या गटाच्या रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के, तर सर्वाधिक गुणांच्या गटात ५.२ टक्के आढळले. ते अनुभवी शल्यविशारद होते, नवशिके नव्हते, हे ध्यानात ठेवावे. तरीही प्रत्येकाने आपल्या पसंतीची चित्रफीत दिली असताना हा फरक दिसला, ही बाब बोलकी आहे.

पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हृदय-पुनरुज्जीवनात छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबली गेली की नाही, हे चित्रफितीत मोजता येते. दाब पाच-सहा सेंटिमीटर खोल गेला की नाही, हे नुसत्या चित्रावरून खात्रीने सांगता येत नाही. घाबरलेल्या रुग्णाला धीर देणे कृत्रिम हातावर शिकता येत नाही. शिवाय घरी दहा वेळा चित्रण करून उत्तम तेवढेच सादर करता येते. सराव म्हणून ते इष्टच आहे. परंतु अंतिम मूल्यमापनासाठी आम्ही विभागातच केलेले, अखंड, एकच चित्रण ग्राह्य धरतो. त्यात उत्तीर्ण झालेला प्रशिक्षणार्थीही रुग्णाजवळ एकटा जात नाही. ज्येष्ठ परिचारिका शेजारी उभी असते. या कामी कोणत्याही रुग्णाचे चित्रण केले जात नाही आणि मूल्यमापन संपताच चित्रफिती पुसून टाकल्या जातात.

आमच्या देणगीदारांस एक नम्र निवेदन. येथे कॅमेऱ्याचा खर्च नाही. खर्च आहे तो टोचून टोचून झिजणाऱ्या कृत्रिम कातडीचा आणि प्रत्येक चित्रफीत शांतपणे पाहणाऱ्या शिक्षकांच्या वेळेचा. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, शिक्षकाच्या तासावर ते कोरता येत नाही. तरीही त्या तासाचा लाभ रुग्णापर्यंत निश्चित पोहोचतो.

आणि रुग्णांच्या आप्तांनो, आरंभी म्हटलेला प्रश्न आपण निःसंकोच विचारावा. त्याचे उत्तर देण्यास आम्ही बांधील आहोत.