तीस म्हणजे अनंत नव्हे

नारायणगावहून खोडदला वळलं की शेतांपलीकडे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या दिसू लागतात. एकूण 30. त्या पाहून आलो आणि घरी संगणकावर 30 बाय 30चं मॅट्रिक्स मांडून बसलो. एकेका घरात दोन तबकड्यांमधला कोव्हेरियन्स. खरी निरीक्षणं नव्हेत, माझाच बनावट गोंगाट.

1. गोंगाटालाही कुंपण असतं. दर तबकडीमागे 120 नमुने घेतले. मॅट्रिक्सच्या सगळ्या आयगेनव्हॅल्यू एकाच्या आसपास येतील, ही माझी भाबडी समजूत. त्या पसरल्या 0.25 पासून 2.25 पर्यंत! मार्चेंको आणि पास्तूर यांनी 1967 मध्येच हे कुंपण आखून दिलंय: 30 भागिले नमुने, त्याचं वर्गमूळ, ते एकातून वजा करून आणि एकात मिळवून वर्ग करायचे. 3000 नमुने घेतले की कुंपण 0.81 ते 1.21 एवढं आवळतं.

2. बारीक आवाज कुंपणाआडच राहतो. दर तबकडीत गोंगाटाच्या दीडशेव्या हिश्श्याएवढा समान संकेत मिसळला. तीस तबकड्यांचा मिळून झाला 0.2. उंबरठा त्याच वर्गमूळाएवढा: 120 नमुन्यांना 0.5, म्हणून काहीच दिसेना. 3000 नमुन्यांना 0.1, तेव्हा एक आयगेनव्हॅल्यू 1.26 च्या आसपास, कुंपणाबाहेर. बाइक, बेन आरूस आणि पेशे यांचा 2005 चा निबंध याच उंबरठ्याचा. वाचला होता, पटला मात्र आता.

3. नुसती चिन्हं ठेवली तरी चालतं, जवळजवळ. आकडे फेकून फक्त अधिक-उणे ठेवलं, छापा-काट्यासारखं. गोंगाटाचं कुंपण जागचं हललं नाही. विग्नर यांनीही 1955 मध्ये अधिक-उणे चिन्हं स्वैर असलेली मॅट्रिक्स वापरली होती. संकेत मात्र सुमारे 2/π पट उरतो; माझा 0.2 चा 0.127 झाला. सूत्राप्रमाणे आयगेनव्हॅल्यू यायला हवी 1.216 ला. कुंपण 1.21 ला!

4. इथे माझी फजिती झाली. हे सगळे नियम तबकड्या आणि नमुने दोन्ही अनंताकडे जाताना काटेकोर होतात. माझ्याकडे तीस. दरवेळी नवा गोंगाट घेतला की कडेची आयगेनव्हॅल्यू कुंपणाच्या अलीकडे-पलीकडे डुलायची. 1.216 संकेताचं की डुलण्याचं, एका फेरीत सांगताच येईना. शेकडो फेऱ्या घ्याव्या लागल्या.

5. आधी सगळे गोंगाट एका मापाने मोजा. दोन तबकड्यांचा गोंगाट मी चुकून दुप्पट ठेवला होता. दोन आयगेनव्हॅल्यू बाहेर पडल्या आणि मी रात्री अकराला बायकोला उठवून दाखवल्या.